सुया टोचून घ्या, पण बोलायला कोण बसवणार?

पुण्यात घरात कुणाला लकवा मारला की पहिल्या महिन्यात जेवढे सल्ले येतात तेवढे पाहुणेही येत नाहीत. हातपाय उचलेनासे झाले असतील तर तेल, मालिश आणि अमक्या गावचं लकव्याचं औषध. वाचा गेली असेल तर वेखंड मधात उगाळून जिभेला लावा, शंख फुंकायला द्या, आणि हल्ली हमखास, "सुयांची ट्रीटमेंट करून बघा, आमचे व्याही दहा सिटिंगमध्ये बोलायला लागले." कोथरूडला जा, हडपसरला जा, सिंहगड रस्त्याने जा, ॲक्युपंक्चरची पाटी कुठे ना कुठे दिसते. स्पीच थेरपिस्टची पाटी मात्र शोधावी लागते. सापडलीच तर तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'श्रवणयंत्रे' असतं आणि खाली बारीक अक्षरांत 'वाचा उपचार'.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. झटक्यानंतर, म्हणजे लकवा आणणाऱ्या मेंदूच्या झटक्यानंतर, बोलणं परत यावं म्हणून ॲक्युपंक्चर घ्यायचं असेल तर घ्यावं, पण स्पीच थेरपीच्या जोडीने. तिच्या ऐवजी घेतलं तर रुग्णाचे सगळ्यात मोलाचे महिने वाया जातात. आणि ते वाया जातात याचा दोष एकट्या सुया टोचणाऱ्याचा नाही. रुग्णालयं, विमा कंपन्या आणि सरकार यांनी मिळून ही वाट तयार करून ठेवली आहे.

आधी 'वाचा गेली' म्हणजे काय झालं ते पाहू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. १८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. हा माणूस कित्येक वर्षं 'टॅन' एवढंच बोलायचा, पण लोकांचं बोलणं त्याला बरंच कळायचं. इजा निघाली मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकाराचं वर्णन केलं. त्यात माणूस घडाघडा बोलतो, पण बोलण्याचा अर्थ लागत नाही आणि समोरच्याचं बोलणं त्याला नीट उमगत नाही. या दोन्हींना वाचाघात म्हणतात. झटका आलेल्या साधारण तिघांपैकी एकाला सुरुवातीला तो होतो. जीभ, ओठ, टाळू यांचे स्नायू कमजोर होऊन बोलणं बोबडं होणं ही वेगळी तक्रार. तिच्यात शब्द शाबूत असतात, हात चालत असेल तर रुग्ण ते लिहूनही दाखवतो. घरचे मात्र दोन्हींना 'वाचा गेली' म्हणतात, आणि पुष्कळदा सुया टोचणाराही दोन्हींसाठी तेच पॉइंट घेतो. हनुवटीखाली, गळ्याच्या घाटीच्या वर एक पॉइंट आहे, लियानच्वान नावाचा. तिथे सुई टोचली की जिभेला चालना मिळणार हे घरच्यांना लगेच पटतं. पण वाचाघातात जीभ बहुधा ठणठणीत असते. अडलेलं असतं ते मेंदूत.

स्पीच थेरपीच्या खोलीत काय चालतं हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. टेबलावर पाच चित्रं मांडलेली असतात, कुलूप, चष्मा, केळं, कात्री, छत्री. थेरपिस्ट कुलपावर बोट ठेवते. आजोबा म्हणतात, "किल्ली." चुकलं हे त्यांना कळतं, ते मान हलवतात आणि पुन्हा म्हणतात, "किल्ली." मग वैतागून हवेत हात फिरवून दाखवतात. ती म्हणते, "दाराला लावतो ते. कु..." आणि एकदम "कुलूप!" निघतं. आजोबा खूश. पुढचं चित्र चष्म्याचं. आजोबा म्हणतात, "कुलूप." असं पाऊण तास. मग हेच आजोबा एक ते वीस अंक न अडखळता म्हणतात, गणपतीची आरती चालीवर जवळजवळ पूर्ण म्हणतात, पण घशाला कोरड पडली तर 'पाणी' म्हणता येत नाही. "आरती येते, मग बोलायला काय होतं? हट्टीपणा आहे नुसता," असं मी घराघरांत ऐकलेलं आहे. हट्टीपणा नसतो तो. पाठ झालेलं आणि चालीतलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. याच निरीक्षणावरून १९७३ मध्ये अमेरिकेत सुरावटीच्या आधाराने बोलायला शिकवण्याची पद्धत निघाली. आरती हा त्या माणसाचा दोष नव्हे, त्याच्याकडे उरलेलं भांडवल आहे.

आता सुयांच्या बाजूचा पुरावा. तो नाहीच, असं म्हणणाऱ्या मंडळींशी मी सहमत नाही. जानेवारी २०२४ मध्ये 'जामा नेटवर्क ओपन' या नियतकालिकात चीनमधल्या तीन रुग्णालयांतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. झटक्यानंतर बोलणं अडलेले २५२ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटाला सहा आठवड्यांत ३० वेळा खरं ॲक्युपंक्चर, दुसऱ्याला तेवढ्याच वेळा खोटं, म्हणजे खऱ्यासारखं नुसतं भासवलेलं. सहा आठवड्यांनंतर भाषेच्या चाचणीत, १०० गुणांच्या मापावर, खऱ्या सुयांचा गट सुमारे ८ गुणांनी पुढे होता आणि सहा महिन्यांनंतरही तो पुढेच राहिला. आठ गुण ही थट्टेवारी नेण्यासारखी गोष्ट नाही. ज्याला 'हो' आणि 'नाही' यांत गफलत होते त्याच्या आयुष्यात आठ गुणांना फार किंमत असते.

पण याच चाचणीतली एक गोष्ट आपल्याकडच्या जाहिरातींत कधी येत नाही. दोन्ही गटांना भाषेचा सराव दिला जात होता. दोन्ही गटांना झटक्याचे नेहमीचे उपचारही चालू होते. म्हणजे मोजला गेला तो सरावाच्या वर मिळालेला फायदा. सराव काढून टाकला आणि नुसत्या सुया ठेवल्या तर काय होईल, याचं उत्तर ही चाचणी देतच नाही. सुयांच्या बाजूने दाखवता येण्याजोगा सगळ्यात भक्कम कागद हाच, आणि त्या कागदावर सुयांशेजारी स्पीच थेरपी उभी आहे. पुण्यात पॅकेज विकताना तेवढीच वगळली जाते.

बाकीच्या पुराव्याबद्दल जरा हात राखूनच बोलावं लागतं. झटक्यानंतरच्या पुनर्वसनात ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो का, याचा कॉक्रेनचा (उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था) आढावा २०१६ मध्ये आला. त्यात ३१ चाचण्या आणि २,२५७ रुग्ण होते. काही फायदा दिसतो, पण बहुतेक चाचण्यांचा दर्जा पुरेसा नाही, त्यामुळे नेहमीच्या वापराची शिफारस करता येत नाही, असा त्याचा सूर होता. त्याही आधी, १९९८ मध्ये, कुठल्या देशातून कसे निकाल येतात याची छाननी झाली होती. चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधल्या ॲक्युपंक्चरच्या तपासलेल्या एकूण एक चाचण्यांचा निकाल अनुकूल निघाला होता. एकूण एक! कुठल्याही औषधाच्या बाबतीत असं दिसलं तर कोणताही सरळ माणूस भुवया उंचावेल. २०२४ ची चाचणी त्या जुन्या ढिगापेक्षा पुष्कळ काटेकोर आहे, म्हणूनच मी तिला मान देतो. पण सुई टोचणाऱ्याला आपण खरी टोचतोय की खोटी हे माहीत असतंच, आणि ही अडचण ॲक्युपंक्चरच्या कुठल्याही चाचणीत पूर्ण सुटत नाही.

मग व्याही दहा सिटिंगमध्ये बोलायला लागले त्याचं काय? लागले असतील. झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मेंदू स्वतःहून बराच सावरतो. सूज उतरते, इजा झालेल्या भागाच्या आसपासच्या पेशी पुन्हा कामाला लागतात. या काळात जो कोणी रुग्णाच्या उशाशी असेल त्याला श्रेय मिळतं, मग तो सुया टोचणारा असो, वेखंड देणारी आत्या असो की स्पीच थेरपिस्ट असो. कोंबडं पहाटे आरवतं आणि दिवस उजाडतो, एवढ्यावरून उजाडण्याचं बिल कोंबड्याच्या नावावर फाडता येत नाही. चाचणीत दुसरा गट ठेवतात तो यासाठीच. आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'आधी' आणि 'नंतर'च्या व्हिडिओत दुसरा गट कधीच नसतो.

स्पीच थेरपीलाही हीच फूटपट्टी लावली पाहिजे, नाहीतर तो पक्षपात होईल. कॉक्रेनच्या २०१६ च्याच दुसऱ्या आढाव्यात ५७ चाचण्या आणि ३,००२ जण होते. थेरपीने रोजच्या व्यवहारातलं बोलणं, वाचणं, लिहिणं सुधारतं, असं त्यात दिसलं. जास्त तास आणि जास्त काळ दिलेली थेरपी अधिक उपयोगी पडते, पण ती झेपत नाही म्हणून मध्येच सोडणारेही जास्त, हेही दिसलं. २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये जर्मनीतली चाचणी आली. तीत झटका येऊन सहा महिने उलटून गेलेल्या लोकांना तीन आठवडे, आठवड्याला किमान १० तास थेरपी दिली आणि ते सुधारले. 'आता वर्ष झालं, आता काय बोलणार' असं घरच्यांना सांगणाऱ्या डॉक्टरांनी ती जरूर वाचावी. पुढे अनेक चाचण्यांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा सर्वाधिक फायदा एकूण २० ते ५० तासांच्या थेरपीशी जोडलेला आढळला.

वीस तासांचा हिशेब पुण्याच्या घरात मांडून बघा. आठवड्यातून दोनदा, पाऊण पाऊण तास म्हटलं तरी तीन महिने लागतात. प्रत्यक्षात पाच-सहा सिटिंग झाली की "काही फरक नाही" म्हणून बंद. म्हणजे औषधाचा एक चतुर्थांश डोसही पोटात गेलेला नसतो. तेच घर सुयांचं तीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ पैसे भरून निष्ठेने पूर्ण करतं.

असं का होतं, हे समजून न घेता लोकांना अडाणी म्हणणं मला पटत नाही. सुयांच्या खोलीत रुग्णाला पडून राहायचं असतं. दिवा मंद, डोक्यात आणि हनुवटीखाली सुया, अर्धा तास शांतता. कुणी तरी आपल्यासाठी काही तरी करतंय हे डोळ्यांना दिसतं. स्पीच थेरपीत सगळं रुग्णाला करावं लागतं, आणि तेही मुलगा-सूनेच्या देखत. चाळीस वर्षं मुलांना व्याकरण शिकवलेल्या बाईंना पोरसवदा मुलगी केळ्याचं चित्र दाखवून "हे काय आहे?" विचारते आणि बाईंना सांगता येत नाही. या अपमानाची कल्पना करा. त्या दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणतात, म्हणजे खुणेने सांगतात, आणि घरचे त्यांच्या दयेपोटी सिटिंग रद्द करतात. मात्र बोलणं परत आणायच्या उपचारात अर्धा तास गप्प पडून राहायचं, ही विसंगती कुणाच्या ध्यानात येत नाही. त्या बाईंना मान देऊन, त्यांचीच पुस्तकं, त्यांच्याच जुन्या वर्गातले फोटो घेऊन थेरपी देता येते. चांगले थेरपिस्ट देतातही. पण त्याला तयारी लागते, आणि तयारीचे पैसे कोणी देत नाही.

साहित्याची रडकथा वेगळीच. मराठीत भाषाशास्त्रावर कितीतरी विद्वत्ता आहे, तरी इथल्या बऱ्याच खोल्यांत वापरली जाणारी चित्रं आणि ॲप इंग्रजी वळणाची असतात. मुळशीच्या आजींना टोस्टर दाखवला आणि त्यांना नाव सांगता आलं नाही, तर तो वाचाघात की टोस्टर कधी घरात नव्हता म्हणून? विळी, तवा, सूप, देव्हारा, पीएमटीची बस दाखवा, मग बघा. (तिचं नाव बदलून बरीच वर्षं झाली, पण आजी पीएमटीच म्हणणार.) वाचाघातात मराठी माणसाचे प्रत्यय गळतात. 'मी... बाजार... भाजी' एवढंच उरतं. 'बाजारातून', 'भाजीला' यांसारख्या रूपांचा सराव इंग्रजी ॲप कसा देणार? घरी दिवसभर मराठी बोलणाऱ्याकडून थेरपीत मात्र हिंदी-इंग्रजी वदवून घ्यायचं, असले प्रकार या शहरात होतात.

आता सरकारकडे वळू. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने त्यासाठी वेगळा कायदा केला आणि परिषद स्थापन केली. मला हे चूक वाटत नाही. जे लोक घेणारच आहेत त्यांच्यासाठी कोण टोचतंय, सुया एकदाच वापरून टाकल्या जातात का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे विचारलं जातं का, एवढी तरी शिस्त लागते. झटक्याच्या बहुतेक रुग्णांना ती गोळी चालू असते, त्यामुळे हा प्रश्न गौण नाही. पण नोंदणी म्हणजे त्या पद्धतीने वाचा येते असा दाखला नव्हे. भिंतीवर टांगलेलं प्रमाणपत्र घरचे नेमकं तसंच वाचतात.

जाता जाता एक. ॲक्युपंक्चर म्हटलं की आपल्याकडे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव अभिमानाने घेतात. कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ते शल्यविशारद होते, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत होते. सुयांची विद्या भारतात आणण्याचं श्रेय त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंकडे जातं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी काम सुरू केलं. कोटणीसांच्या त्यागाचा दाखला देऊन कुणी पॅकेज खपवत असेल तर त्याला हे सांगायला हरकत नाही.

स्पीच थेरपिस्टांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, त्यासाठी १९९२ चा कायदा आहे. पुण्यात हे शिक्षण देणारी संस्थाही आहे. तरी आमच्या नात्यातल्या एका काकांना झटका आला तेव्हा शहरातल्या एका नावाजलेल्या रुग्णालयाने घरी सोडताना दिलेल्या कार्डावर गोळ्यांची लांबलचक यादी होती, रक्तदाब रोज मोजा असं होतं, फिजिओथेरपीची एक ओळ होती. काका चौथ्या दिवसापासून एक शब्द बोललेले नव्हते. त्याबद्दल कार्डावर काही नव्हतं. पायाने चालणं हे पुनर्वसन आणि तोंडाने बोलणं ही चैन, असा काहीसा समज आपल्या रुग्णालयांचा आहे. त्या मोकळ्या जागेत शेजारच्यांचा सल्ला शिरतो. काकांच्या बाबतीतही तेच झालं. सुया आधी आल्या, स्पीच थेरपिस्ट पाचव्या महिन्यात.

पैशांचंही तसंच. विमा झटक्याच्या वेळचं लाखांचं बिल देतो, पण घरी परतल्यावर महिनोन्महिने चालणाऱ्या ओपीडीतल्या थेरपीचा खर्च नेहमीच्या पॉलिसीत सहसा बसत नाही. सरकारी योजनांचा सगळा भरही दाखल रुग्णावरच. म्हणजे जीव वाचवायला पैसे आहेत, आणि वाचलेल्या माणसाला नातवाचं नाव घेता यावं यासाठी नाहीत. मग दोन्ही उपचार खिशातूनच करायचे तर घरचे 'लवकर गुण'वाला निवडणार, यात नवल नाही.

करता येण्यासारखं बरंच आहे आणि ते फार महागही नाही. वाचाघात असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर स्पीच थेरपिस्टने तपासल्याची नोंद आणि किती तासांची थेरपी हवी ते आलं पाहिजे. ही ओळ नसेल तर घरच्यांनी ती मागून घ्यावी. राज्याच्या ॲक्युपंक्चर परिषदेने नियम करावा की वाचा गेलेल्या रुग्णाला सुया सुरू करण्याआधी ही तपासणी झाली आहे का ते विचारायचं, झाली नसेल तर आधी तिकडे पाठवायचं. प्रामाणिक ॲक्युपंक्चरिस्टला यात काही गमवायचं नाही. आणि परिषदेने आणखी एक गोष्ट ठणकावून सांगावी. कुणाचं तोंड नुकतंच वाकडं झालं असेल, बोलता बोलता शब्द अडले असतील, तर त्याला सुईच्या टेबलावर घ्यायचंच नाही. गुठळी विरघळवणारं औषध देण्याची मुदत साधारण साडेचार तासांची असते. तो वेळ रुग्णालयाच्या वाटेवरच गेला पाहिजे.

वीस ते पन्नास तास प्रत्येकाला खाजगीत परवडणार नाहीत, हे खरं. पण वाचाघाताची थेरपी गटातही देता येते, आणि गट जमवणं पुण्याला शिकवायला नको. इथे हास्यक्लब आहेत, भिशी आहे, वॉर्डावॉर्डात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. महापालिकेने ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं बांधलेली आहेत आणि त्यांतली बरीच भर दुपारी रिकामी पडलेली असतात. त्यातल्या चार-पाच केंद्रांत आठवड्यातून दोन दुपारी एक नोंदणीकृत थेरपिस्ट, तिच्या हाताखाली दोन विद्यार्थी आणि सहा-सात रुग्ण एवढं जमवायचं. चित्रं इथली, भाषा घरातली. ज्यांना सुया हव्यात त्यांनी त्या सकाळी टोचून यावं. खर्च काय तो थेरपिस्टच्या मानधनाचा. खोली, खुर्च्या आणि पंखा पालिकेकडे आहेतच.